चिंकारा रोडस्टर: पाना कुठे लावायचा, कुठे थांबायचं?

एपिसोडची ही लेखी आवृत्ती, बसमध्ये इअरफोन घरी राहिलेल्यांसाठी. थोडी काटछाट केलीय, बोलणं तेच आहे.

आजची गाडी चिंकारा रोडस्टर. दीपनगर-भुसावळ रस्त्यावर ती दिसायची शक्यता कमीच, पण आहे महाराष्ट्रातलीच. पेण-अलिबाग रस्त्यावर कार्लेखिंड लागते ना, तिथल्या चिंकारा मोटर्सची. रूप मात्र इंग्लंडच्या लोटस सेव्हनचं. कॉलिन चॅपमननं ती १९५७ मध्ये आणली, वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास. आपली नॅनोसुद्धा ६०० किलोची होती, यावरून अंदाज घ्या. तेव्हा तिकडे तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून लोक संच घ्यायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. किट कार म्हणतात ती हीच.

आता जोडलेली गाडी म्हणजे काय? जिथे-तिथे कुणीतरी हातानं आवळलेला नट. गाडी हलकी, सस्पेन्शन कडक, आणि आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. नट ढिले होणारच. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाचं पहिलं काम इंजिन ‘ट्यून’ करणं नाही भो, नट तपासणं आहे. सस्पेन्शन, स्टीअरिंग, चाकं, सीटबेल्टचे बोल्ट, सगळे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला टॉर्क रेंचनं आवळायचे आणि मग नटावरून चेसिसपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पुढच्या वेळी पाना न लावता, नुसत्या टॉर्चच्या उजेडात तपासणी होते. जोर लावून जास्त आवळलंत तर आटे जातात, आणि फायबरच्या बॉडीवर बोल्टभोवती केसासारख्या चिरा पडतात. तिथे मोठा वायसर टाका आणि बेतानंच आवळा.

फायबरवरून आठवलं. हेडलाइट मंद, इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो, हॉर्न कधी वाजतो कधी नाही. लगेच बॅटरी बदलायला धावू नका. नेहमीच्या गाडीत पत्र्याची बॉडी हीच करंट परत न्यायची वाट असते. फायबरमधून करंट जातच नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर लागते. त्या वायरचं टोक गंजलं की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट शोधतो. टोक काढा, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट बसवा. निम्मी भुतं तिथेच उतरतात. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह मात्र काढून ठेवा. दीपनगरच्या पॉवर स्टेशनमध्ये काम करणाऱ्या घरच्या कुणालाही विचारा, सप्लाय तोडल्याशिवाय मशीनला हात लावतात का?

पार्ट्सचं काय? इंजिन इसुझूचं, १.८ लिटर, पेट्रोल. हेच इंजिन कॉन्टेसात आणि ॲम्बॅसेडरमध्ये यायचं. म्हणजे गॅस्केट, फिल्टर शोधायला अलिबागला नाही, जुन्या ॲम्बॅसेडरच्या पार्ट्सवाल्याकडे जायचं. पण इंजिन ॲम्बॅसेडरचं म्हणून ब्रेक पॅडही तिचेच, असं धरून चालू नका. किट कारमध्ये दहा घरचे पाहुणे असतात. जुना पार्ट काढून सोबत न्या, मापाला माप लावून घ्या, आणि कुठला भाग कुठल्या गाडीचा हे वहीत लिहून ठेवा. गाडी विकताना ती वही रंगापेक्षा जास्त कामाला येते.

ब्रेकवर जरा थांबू या. अशा गाड्यांत बहुधा एबीएस नसतं, एअरबॅग नसते. आहे ते तुमच्या पायात आणि ब्रेक ऑइलमध्ये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच हद्द १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. सातपुड्याचा घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली, की पेडल सरळ खाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, एवढंच त्यामागचं गणित. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. हवा काढताना मदतीला दुसरा माणूस हवाच. मास्टर सिलिंडरपासून बहुधा सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, आणि वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पेडल स्पंजासारखं दबलं तर हवा अजून आत आहे, गाडी जागची हलवू नका. सगळं झाल्यावर जाणत्या मेस्त्रीला एकदा दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडची आणखी एक भानगड म्हणजे काळी माती. जॅक तिच्यात शांतपणे रुततो. गाडी सिमेंटच्या फरशीवरच उचला. जॅक फायबरखाली नाही, चेसिसच्या मजबूत जागी, मध्ये लाकडाची फळी घालून. मग दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आणि ऐका, हलकी गाडी स्टँडवरही डुलते. लांब पान्याला हिसका द्यायचा घट्ट नट असेल तर गाडी जमिनीवर असतानाच तो जरासा मोकळा करून घ्या.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की टायरची हवा पहाटे, गाडी गार असतानाच मोजा. रेडिएटर पुढे, जमिनीलगत असतो, धूळ आणि किडे त्याच्या जाळीत बसतात. ब्रशनं, हलक्या हातानं साफ करा. गरम असताना झाकण उघडलंत तर तोंड भाजेल.

चेसिसच्या ट्यूबला वेल्डजवळ चीर दिसली तर मात्र घरगुती काम संपलं. ओळखीच्या ग्रिल-वेल्डरकडूनही नको, चेसिसचं काम करणाराच गाठा. आणि मोठं इंजिन बसवायची खुमखुमी आली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आठवा. आरसीवरच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

पाना-पेंटचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा. भेटू पुढच्या भागात.