गिरणीची फरशी, मूरची वाट

इडेलच्या छोट्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मँचेस्टरहून गाडीने पाऊण तास लागला. सोबत भाची होती, खामगावहून महिनाभरासाठी आलेली. पाठपिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाणी आणि जूनचा उन्हाळा असूनही दोन रेनकोट.

जायचं होतं किंडर स्काउटवर. उंची 636 मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्मीही नाही. पण इथे शिखर गाठण्यापेक्षा चालण्यात सुख आहे. कुरणांतून चढायचं, माथ्यावरच्या मूरच्या कडेकडेने जायचं आणि पलीकडे हेफील्डला उतरायचं. साधारण 17 किलोमीटर. यातला बराचसा भाग ‘पेनाइन वे’चा. इंग्लंडच्या कण्यावरून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी ही 431 किलोमीटरची पायवाट इडेललाच सुरू होते.

पहिला तास कुरणांचा. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती, त्यांच्यामधून जाणारी वाट, पिवळी बटरकप आणि पांढरं क्लोव्हर. शेतं खासगी, पण त्यांतून जायचा हक्क सगळ्यांचा. फाटक उघडलं की मागे आठवणीने लावायचं, एवढंच. पुढे ओढ्यावर मालवाहू घोड्यांसाठी बांधलेला चिंचोळा दगडी पूल लागतो आणि तिथून ‘जेकब्स लॅडर’ची चढण. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने इथे पायऱ्या खोदल्या, म्हणून हे नाव. भाची दोनदा थांबली, मी तीनदा.

वर पोहोचलं की हिरवं संपतं. मूर म्हणजे डोंगरमाथ्यावरचं झाडं नसलेलं, ओलं, उघडं रान. पायाखाली काळी, स्पंजासारखी जमीन, तिला पीट म्हणतात. स्फॅग्नम नावाचं शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरून ठेवतं. त्या पाण्यात हवा पोहोचत नाही, म्हणून मेलेली पानं-मुळं पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचत जातात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. माणसाच्या उंचीएवढं पीट साचायला दीड हजार वर्षांहून अधिक काळ जातो.

आणि त्या काळ्या जमिनीवर, नजर जाईल तिथवर, पांढरे गोंडे डोलत होते.

“मावशी, पऱ्हाटी इथं कुठून आली?”

ते कापूसगवत. जूनमध्ये मूर असा फुटलेल्या बोंडांच्या वावरासारखा दिसतो. भाचीने एक गोंडा घेऊन बोटांत पीळ दिला. दोन इंचांवर तुटला. त्याचे तंतू फार ठिसूळ, सूत निघत नाही. पूर्वी लोक उशांत भरायचे.

मी तिला पश्चिमेकडे बघायला सांगितलं. किंडर डाउनफॉलच्या कड्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या तेव्हा दूर मँचेस्टरच्या उंच इमारती दिसत होत्या. आमच्या गावाचं आणि या डोंगराचं नातं मला इथेच कळलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला, तशी लँकेशायरच्या कापड गिरण्यांची नजर वऱ्हाडावर गेली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या कापूस बाजारापर्यंतची रेल्वे सुरू करायला स्वतः आला होता. गठाणी मुंबईला, तिथून बोटीने इकडे. इथल्या गिरण्यांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर निघे आणि पश्चिमेचा वारा तो थेट या माथ्यावर आणी. गंधकाच्या त्या आम्लाने शेवाळ मेलं. शेवाळ गेल्यावर पीट उघडं पडलं, पावसाने घळी कापल्या, हजारो वर्षांचा थर ओढ्यांतून वाहून गेला.

आता लोक तो डोंगर पुन्हा भरून आणताहेत. घळींत दगडांचे, लाकडाचे छोटे बांध घालतात, चुना आणि गवताचं बी टाकतात, स्फॅग्नमची रोपं हाताने लावतात. पाणलोटाची कामं पाहिलेल्या माणसाला त्या बांधांपाशी घरच्यासारखं वाटेल.

मिल हिलच्या पुढे काळ्या चिखलातून दगडी फरश्यांची लांबच लांब रांग जाते. पावलांनी पीट झिजायला लागलं तेव्हा या अवजड फरश्या हेलिकॉप्टरने आणून मांडल्या. पेनाइन वेवरच्या अशा पुष्कळ फरश्या पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत. काहींवर गोल छिद्रं दिसतात; यंत्रं पक्की बसवायची ती जागा. भाचीने बूट काढले आणि अनवाणी उभी राहिली. दगड उन्हाने तापला होता. सांध्यांत ओलं, हिरवं शेवाळ धरलं होतं.

मागे फिरून विल्यम क्लफच्या घळीने उतरलो. 24 एप्रिल 1932 या रविवारी सुमारे चारशे माणसं हीच घळ चढून आली होती. त्यात मँचेस्टरची कामकरी तरुण पोरं पुष्कळ. आठवडाभर धुरात राबायचं आणि समोर दिसणाऱ्या डोंगरावर पाय ठेवायचा नाही, कारण मूर श्रीमंतांच्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. 1951 मध्ये हाच प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. या पोरांचे उपकार मला इथे दर वेळी आठवतात. त्यांच्यामुळे मी कुणालाही न विचारता इथे चालते.

ते जिथे जमले होते, त्या बोडन ब्रिजच्या दगडखाणीत त्यांच्या आठवणीची पाटी आहे. तिथे बसूनच भाचीने आबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी ते जागे होते. आबा खामगावच्या जिनात बत्तीस वर्षं फिटर होते. फरश्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “तेलाचे डाग दिसतात का गं अजून?”

“नाही आबा,” ती म्हणाली, “शेवाळ आलंय आता.”