रुसलेला संगणक

संगणकाच्या दुरुस्तीविषयी कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञानशाखेच्या मित्रांनी तर लेखाचा विषय ऐकूनच हसू दाबले. पण यंत्रातला बिघाड शोधायला जे लागते ते मुख्यतः गणित नव्हे. ती उलटतपासणी असते, आणि कागदपत्रांची उलटतपासणी कशी करावी हे आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हांला तीन वर्षे शिकवले आहे.

प्रसंग असा घडला. आमच्या मराठी विभागात वर्कस्टेशन जातीचा एक संगणक आहे. घरगुती संगणकाचा हा थोरला भाऊ. डबा मोठा, वजन भारी, आत मेमरीच्या पट्ट्या चार आणि चित्रासाठी कार्ड वेगळे. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाला म्हणून आला. गेली दोन वर्षे विद्यार्थी आपापल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणत होते आणि त्या या डब्यात साठत होत्या. गाणाऱ्या बायांपैकी चौघी आज हयात नाहीत. त्यांतली एक माझी आजी. आणि दुसरी प्रत काढायचे मात्र 'पुढच्या आठवड्यात' करता करता राहून गेले होते.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी बटण दाबले. दिवा लागला, पंखे घरघरले, पडदा मात्र काळाच राहिला. बोलावलेल्या कारागिराने दहा मिनिटांत निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. जुना डबा जमा करा, नवा देतो." बाईंचा चेहरा उतरला. डबा जमा करण्याचा कागदही तयार झाला होता.

येथेच आपल्यापैकी बहुतेकांची गफलत होते. संगणक मेला म्हणजे त्यातले सगळे गेले, असे आपण धरून चालतो. वास्तविक साठवलेला मजकूर असतो हार्डडिस्कमध्ये. ती चार स्क्रूंनी बसवलेली निराळी पेटी असते. घर कोसळले तरी तिजोरी शाबूत असू शकते, तसे हे. म्हणून बिघाड कोणताही असो, आधी डिस्क बाहेर काढावी, साध्या जोडणीच्या तारेने दुसऱ्या संगणकाला लावावी आणि प्रत करून घ्यावी. (तिच्यातूनच टकटक आवाज येत असेल तर मात्र ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, प्रत्येक खेपेला नुकसान वाढण्याचा धोका असतो.) आम्ही ती ग्रंथालयातल्या संगणकाला लावली. संध्याकाळी सहाच्या सुमारास आजीचा आवाज पुन्हा ऐकू आला, तेव्हा ग्रंथालयात शांतता पाळण्याचा नियम आम्ही सर्वांनीच मोडला.

आता डब्याकडे वळण्याइतके डोके ठिकाणावर होते. पहिला प्रश्न विचारायचा तो यंत्राला नव्हे, माणसांना. हे कधीपासून? त्याआधी काय बदलले? शिपाईमामांनी जे सांगितले ते कोणा तज्ज्ञाला सुचले नसते. दिवाळीपासून घड्याळाची तारीख मागे जाते, दुपारी दोन-तीन वाजता यंत्र आपोआप बंद पडते, आणि "आज सकाळपासून ते पीं-पीं करतंय, तुम्ही सगळे पडद्याकडेच बघताय."

मामांचे खरे होते. संगणक चालू होताना पहिल्या काही क्षणांत आपली स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर आहे का, मेमरी उत्तर देते का, चित्राचे कार्ड जागेवर आहे का. त्यात खोट आढळली आणि पडदा अजून जागा झालेला नसला, तर सांगायचे कसे? म्हणून तो लांब-आखूड आवाजांनी सांगतो. या आवाजांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, पण ती माहितीपुस्तिकेत छापलेली असते. आमच्या डब्याचा आवाज मेमरीकडे बोट दाखवत होता.

मग वायर काढून, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि डबा उघडला. मेमरीच्या चारही पट्ट्या काढल्या. पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसला तरी संपर्क तुटतो. आपल्याकडे ती कड खोडरबराने घासण्याची पद्धत आहे. उपाय लागू पडतो, पण रबराचा चुरा खाचेत राहता कामा नये. नंतर एकच पट्टी लावून बटण दाबले आणि पडदा उजळला! मग दुसरी, तिसरी. चौथी लावताच पुन्हा अंधार.

आता दोषी कोण, पट्टी की ती बसते ती खाच? आम्ही चौथी पट्टी पहिल्या खाचेत आणि पहिली चौथ्या खाचेत घातली. दोष पट्टीबरोबर गेला असता तर पट्टी खराब, खाचेपाशीच राहिला असता तर मदरबोर्ड खराब. दोष पट्टीबरोबर गेला. मदरबोर्ड निर्दोष सुटला. उरलेल्या तिघींची परीक्षा मेमटेस्ट या प्रोग्रॅमने रात्रभर घेतली, तेव्हा त्या निर्मळ निघाल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की साक्षीदार गोंधळतो.

ही रीत लहान कामापुरतीच नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करीत होते. जूनमध्ये त्यांच्या उत्तरांत मेळ बसेना. त्यांनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग यंत्राच्या इतर भागांवर, आणि एकेकाला वगळत ऑक्टोबरमध्ये ते थेट इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरपाशी पोचले. तो भागाकारच चुकत होता. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८२ असे उत्तर यावयास हवे. पेंटियम देत होता १.३३३७३. आधी काकू करणाऱ्या कंपनीने डिसेंबरमध्ये प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले आणि या प्रकरणापोटी ४७५ दशलक्ष डॉलरांचा भार सोसला. एका कॉलेजच्या मास्तरांनी हे शोधले, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

वर्कस्टेशनच्या मेमरीचे एक वैशिष्ट्य येथे सांगायला हवे. यातली बहुतेक यंत्रे चूक सुधारणारी मेमरी वापरतात. प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट जादा ठेवलेले असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक जागीच दुरुस्त होते, दोन बिटांची किमान लक्षात येते. म्हणून पट्टी विकत घेताना घरगुती संगणकाची घेऊन चालत नाही. शिवाय या मेमरीतही दोन जाती असतात आणि त्या एका यंत्रात एकमेकींशी नांदत नाहीत.

तारखेचा घोळ सोपा निघाला. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, तो वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. तो उतरला होता. घड्याळाच्या दुकानात नवा मिळाला.

दुपारच्या झोपेचे कारण मात्र उन्हात आणि धुळीत होते. प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा डोंगर असतो आणि त्यावर पंखा. आमच्या पात्यांमध्ये गोधडी शिवता येईल एवढी धूळ होती. उष्णता शंभर अंशांच्या आसपास गेली की बहुतेक प्रोसेसर आधी मंदावतात आणि मग स्वतःचा जीव वाचवण्यासाठी यंत्रच बंद करतात. प्रोसेसर आणि धातू यांच्यामधला लेपही सुकून खडूसारखा झाला होता. तो पुसून वाटाण्याएवढा नवा लेप लावला. पंखा बोटाने धरून मगच धूळ उडवावी, नाहीतर तो भन्नाट फिरून खराब होतो.

एका पेटीला मात्र आम्ही हात लावला नाही, ती म्हणजे वीजपुरवठ्याची. वायर काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. बाहेरून मीटर लावून पाहता येते. बारा व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी. आमची ११.९ होती. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का, तेही पाहून घ्यावे; २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य यंत्रांना या रोगाने ग्रासले होते.

डबा सध्या तीन पट्ट्यांवर चालतो. एप्रिलच्या कडक उन्हातही तो दुपारी जागा राहिला. ओव्यांच्या आता दोन प्रती आहेत, एक विभागात आणि एक बाईंच्या घरी. आणि चौथी पट्टी मामांनी मागून घेतली. ती त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते आहे.