एक जोते, दोन गाड्या : विद्युत मोटारींच्या निर्मितीतील सहकार्य

जपानमधील टोयोटा शहरात मोतोमाची नावाचा मोटारींचा कारखाना आहे. १९५९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात २०२२ साली दोन नव्या विद्युत मोटारी तयार होऊ लागल्या. एकीचे नाव टोयोटा बीझेड४एक्स आणि दुसरीचे सुबारू सोलटेरा. दोहोंचा तोंडवळा निराळा, बोधचिन्हे निराळी आणि विक्रीची दालनेही निराळी. परंतु पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर मोजले, तर ते दोन्ही गाड्यांत सारखेच, म्हणजे २,८५० मिलिमीटर भरते. त्यांच्या तळाखालील घटमाला एकाच घडणीची आहे आणि चाके फिरविणारी चलित्रेही एकाच आराखड्याची आहेत. ज्या दोन कंपन्या बाजारात एकाच ग्राहकाला आपापली गाडी विकू पाहतात, त्यांनी एकाच पायावर गाड्या का उभाराव्यात, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

पाया म्हणजे काय?

मोटारीचे ढोबळमानाने दोन भाग करता येतात. दारे, टप, आसने, दिवे हा वरचा भाग डोळ्यांना दिसतो व ग्राहक तोच पाहून गाडी पसंत करतो. त्याखाली तळपट्टा, चाकांचे आस, धक्के शोषणारी यंत्रणा, सुकाणू, गतिरोधक आणि गाडीला चालना देणारी यंत्रणा यांचा दुसरा भाग असतो. या खालच्या भागाला मोटारधंद्यात ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. घराच्या बांधकामात जे स्थान जोत्याचे, तेच मोटारीत याचे. एकाच मापाच्या जोत्यावर कौलारू घर बांधता येते, तसेच धाब्याचेही बांधता येते. मात्र प्लॅटफॉर्म ही एखादी सुटी वस्तू नव्हे. कोणता भाग कोठे बसावा, त्याला किती जागा सोडावी, अपघातातील आघात कोणत्या मार्गाने वाहून न्यावा, यांविषयीच्या मोजमापांचा आणि निर्णयांचा तो संच असतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचा पाया एंजिनाभोवती रचलेला असतो. पुढे एंजिन, मागे इंधनाची टाकी आणि तळाच्या मधोमध धुराची नळी अशी ही मांडणी असते. विद्युत गाडीत एंजिन नसते. तिचे चलित्र, म्हणजे विजेची मोटर, आकाराने लहान असल्यामुळे आसाजवळच बसते. जड आणि मोठी वस्तू असते ती घटमाला, म्हणजे बॅटरी. तिचे वजन काहीशे किलोग्रॅम भरते. पेट्रोलच्या गाडीसाठी आखलेल्या पायात ती कोंबू गेल्यास मिळेल त्या कोपऱ्यात तिचे तुकडे ठेवावे लागतात. म्हणून विद्युत गाडीसाठी मुळापासून वेगळा पाया आखणे श्रेयस्कर ठरते. अशा पायात घटमाला दोन्ही आसांच्या मध्ये, तळाखाली सपाट पसरलेली असते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी स्थिर राहते. बसण्याची जागाही प्रशस्त होते.

या मांडणीत एक अडचण मात्र आहे. घटमालेच्या जाडीमुळे गाडीचा तळ वर उचलला जातो. ठेंगण्या गाडीत प्रवाशांच्या डोक्यावरची जागा त्यामुळे कमी पडते. उंच गाडीत ही वाढ खपून जाते. ‘क्रॉसओव्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्या अशाच उंच असतात. जीपसारख्या दिसल्या तरी त्यांची काया वेगळ्या चौकटीवर बसविलेली नसते. ती साध्या मोटारीप्रमाणे तळासह एकसंध घडविलेली असते. अनेक कंपन्यांनी आपल्या विद्युत गाड्यांचा आरंभ क्रॉसओव्हरने केला, त्यामागे ग्राहकांच्या आवडीबरोबर हेही एक तांत्रिक कारण आहे.

खर्चाचे गणित

नवा पाया आखण्याचा खर्च गाड्या किती बनतात यावर फारसा अवलंबून नसतो. आराखडे, चाचण्या, साचे आणि संगणकीय आज्ञावली यांवरील खर्च पहिली गाडी विकण्यापूर्वीच करावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हा खर्च १,००० कोटी रुपये आहे असे मानले आणि त्या पायावर केवळ ५०,००० गाड्या बनल्या, तर प्रत्येक गाडीवर २ लाख रुपयांचा भार पडेल. त्याच पायावर २ लाख गाड्या बनल्या, तर तो भार ५०,००० रुपयांवर येईल. घटमाला आणि चलित्रे मोठ्या संख्येने मागविल्यास त्यांची किंमतही उतरते. ज्या कंपनीची विक्री मर्यादित आहे, तिला हे गणित एकटीने सोडविणे कठीण जाते.

सुबारूची स्थिती अशीच होती. या कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्या दरवर्षी विकल्या जातात. टोयोटाची वार्षिक विक्री १ कोटीच्या आसपास आहे. जून २०१९ मध्ये या दोन कंपन्यांनी विद्युत गाड्यांसाठी एक पाया आणि त्यावर एक क्रॉसओव्हर मिळून विकसित करण्याचे जाहीर केले. दोघींचा संबंध पूर्वीचाच होता. २०१२ साली त्यांनी मिळून एक क्रीडामोटार बाजारात आणली होती. पुढे सुबारूचे सुमारे एक पंचमांश भाग टोयोटाने घेतले. तेव्हा ही स्पर्धा अगदी परक्यांमधील नव्हती हे खरे. तरीही दोघींचे कारखाने, विक्रेते आणि ग्राहक वेगळेच राहिले.

दोघींची शिदोरी

या कामात प्रत्येकीने आपली शिदोरी आणली. टोयोटाने १९९७ साली ‘प्रियस’ ही पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालणारी मोटार विक्रीस आणली होती. त्यामुळे चलित्रे, घटमाला आणि विद्युत नियंत्रण यांचा प्रदीर्घ अनुभव तिच्या गाठी होता. सुबारूने १९७२ साली चारही चाकांना चालना देणारी प्रवासी मोटार बाजारात आणली होती. बर्फाच्या आणि चिखलाच्या वाटांवर गाडीची पकड राखण्याचे तंत्र तिने अनेक दशके घोटले होते.

चारही चाकांना चालना देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीत पुढच्या एंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी बहुधा एक लांब दांडा लागतो. नव्या पायावर त्याची गरज उरली नाही. आरंभीच्या गाड्यांत पुढच्या आसाला ८० किलोवॉटचे एक व मागच्या आसाला तेवढ्याच शक्तीचे दुसरे चलित्र दिलेले होते. कोणत्या चाकांना किती जोर द्यावा हे नियंत्रक क्षणार्धात ठरवितो. दोन्ही चलित्रांना ७१.४ किलोवॉट-तास क्षमतेची घटमाला वीज पुरवीत असे. घरातील वीजमापकाच्या भाषेत सांगायचे तर ही सुमारे ७१ युनिट वीज होय.

मग भेद कोठे उरतो? दर्शनी भागाची घडण, धक्के शोषणाऱ्या यंत्रणेची जुळणी, किंमत, हमी आणि विक्रीनंतरची सेवा या गोष्टी प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे ठरविते. अमेरिकेत सोलटेरा केवळ चारही चाकांना चालना असलेल्या रूपात विकली गेली. टोयोटाची गाडी मात्र फक्त पुढच्या चाकांना चालना असलेल्या रूपातही मिळत असे. जोते सामाईक असले तरी घराची राहणी वेगळी ठेवता येते, ती अशी.

सामाईक दोषाचा धडा

सामाईक पायाबरोबर धोकाही सामाईक होतो. जून २०२२ मध्ये, म्हणजे विक्री सुरू होऊन थोडाच काळ लोटला असताना, चाके आसाच्या तुंब्याला जखडणारे बोल्ट वापरात सैल होऊ शकतात असे आढळून आले. तसे झाल्यास धावत्या गाडीचे चाक निखळण्याचा संभव होता. टोयोटाने सुमारे २,७०० आणि सुबारूने सुमारे २,६०० गाड्या परत बोलाविल्या. उपाय सापडेपर्यंत गाडी चालवू नये, असे मालकांना कळविण्यात आले. चाके बसविण्याच्या रचनेत सुधारणा करून ऑक्टोबर २०२२ मध्ये टोयोटाने उत्पादन पुन्हा सुरू केले.

दोष एका लहानशा भागाचा होता, पण त्याने दोन कंपन्यांची विक्री एकाच वेळी थांबविली. स्वतंत्र पाया असता, तर एकीची चूक दुसरीला भोवली नसती. उलटपक्षी, दोष एकच असल्यामुळे उपायही एकच शोधावा लागला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सामाईक पाया वापरणाऱ्यांना चाचणी अधिक काटेकोर का ठेवावी लागते, ते या प्रसंगावरून कळते.

अन्य देशांत आणि भारतात

असे करार इतरत्रही झाले आहेत. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या ‘एमईबी’ नामक पायावर अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने आपली विद्युत ‘एक्स्प्लोरर’ उभारली. जर्मनीतील कोलोन येथे तिचे उत्पादन २०२४ साली सुरू झाले. होंडाची ‘प्रोलॉग’ ही गाडी जनरल मोटर्सच्या पायावर बनली. परंतु याच दोन कंपन्यांनी स्वस्त विद्युत गाड्या मिळून बनविण्याची जी योजना एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडून दिली. सहकार्याचा हिशेब जुळेनासा झाला, की करार टिकत नाही.

भारतात सुझुकी आणि टोयोटा यांची भागीदारी परिचित आहे. सुझुकीची ‘ई विटारा’ ही विद्युत गाडी गुजरातमधील हंसलपूर येथे तयार होते. तिचा पाया सुझुकी, टोयोटा आणि दायहात्सू या तीन कंपन्यांनी मिळून विकसित केला आहे. २६ ऑगस्ट २०२५ रोजी येथील पहिल्या गाडीला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हिरवा झेंडा दाखविला. हीच गाडी वेगळा दर्शनी भाग लेवून टोयोटाच्या नावानेही विकली जाते. महाराष्ट्रातील चाकण येथे बनणाऱ्या महिंद्र कंपनीच्या विद्युत गाड्यांचे उदाहरण थोडे निराळे आहे. त्यांचा पाया कंपनीचा स्वतःचा आहे. मात्र विजेचे काही सुटे भाग पुरविण्याविषयी फोक्सवॅगनशी २०२४ साली करार झाला. संपूर्ण जोते उसने घेणे आणि केवळ काही चिरे विकत घेणे, यांतील हा फरक आहे.

लाभ कोणाचा?

भागीदारीचा पहिला लाभ लहान कंपनीला मिळतो. तिचे अस्तित्व टिकते. ग्राहकाला गाडी कमी किमतीत मिळू शकते, मात्र वाचलेला खर्च किमतीत उतरलाच पाहिजे असे बंधन कोणावर नसते. शिवाय जो आपला पाया दुसऱ्याकडून घेतो, त्याच्या अभियंत्यांचे त्या विद्येतील कौशल्य हळूहळू गंजण्याची भीती असते. म्हणूनच सुबारूने आपले अभियंते विकासाच्या कामात प्रत्यक्ष गुंतविले, याला महत्त्व आहे. तयार गाडीवर केवळ आपले बोधचिन्ह लावणे आणि ती गाडी घडविण्यात वाटा उचलणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

बाजारात दहा नावांच्या गाड्या दिसत असल्या आणि त्या तीनच पायांवर उभ्या असल्या, तर निवड वाटते तितकी विस्तृत नसते. नवी विद्युत गाडी पाहताना तिचा रंग व आकार यांखेरीज आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : तिचा पाया कोणी आखला, घटमाला कोठून आली आणि दोष निघाल्यास उत्तरदायी कोण? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत अनेकांची नावे येऊ शकतील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकाच नावाने मिळाले पाहिजे. ज्या कंपनीचे बोधचिन्ह गाडीवर आहे, तिने ते द्यावयाचे असते.