भार आणि अखत्यार

कामाचा भार वाढला की माणूस खचतो, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की तिची उलटतपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. आणि तरीही परिचयातील मंडळी आठवून पाहिली, तर अहोरात्र राबूनही ज्यांची बुद्धी उत्तरोत्तर तल्लख होत गेली असे एखादे शल्यविशारद, आणि टेबलावर फारसे कागद नसतानाही निवृत्तीच्या कितीतरी आधी ज्यांची उमेद करपून गेली असे कित्येक कारकून, हे दोन्ही नमुने आपल्या दृष्टीस पडतात.

या विसंगतीची पद्धतशीर मीमांसा १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने केली. स्वीडन आणि अमेरिका येथील नोकरदारांच्या पाहण्यांच्या आधारे त्याने असे प्रतिपादिले की, कामाची निकड आणि ते काम कसे करावे हे ठरविण्याचा अखत्यार या दोन भिन्न बाबी असून, निकड मोठी व अखत्यार तुटपुंजा असेल तेथे ताण साचतो. परंतु दोन्ही मोठी असतील तेथे तीच निकड माणसाला नवे शिकावयास लावते. दोन्ही अल्प असणारी नोकरी वरकरणी सुखाची वाटली, तरी तेथे माणूस हळूहळू असलेले कौशल्यही गमावतो. मला या मांडणीतील हा शेवटचा भाग सर्वांत बोचरा वाटतो, कारण आपल्याकडे अशाच नोकरीसाठी देव पाण्यात ठेवले जातात.

लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांच्या १९६७ साली सुरू झालेल्या तपासणीतून या विचाराला वेगळ्याच दिशेने पुष्टी मिळाली. जबाबदारीच्या ओझ्याखाली हृदय निकामी व्हावयाचे ते वरिष्ठांचे, अशी लोकांची कल्पना. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या हुद्द्यावरील पुरुषांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या अंमलदारांच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणांनी ही तफावत अंशतःच उलगडली. पुढे १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्रीपुरुष नोकरांची जी दुसरी पाहणी सुरू झाली, तिच्यातून कामावरील अखत्याराचा अभाव हे हृदयविकाराशी निगडित असलेले एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले.

पण कचेऱ्यांपेक्षा गिरण्यांचा दाखला मला अधिक बोलका वाटतो. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने जो संप चालविला, त्यामागे दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन साचे सांभाळण्याची सक्ती हे एक प्रमुख कारण होते. त्या वादात पगाराचा व कपातीचा हिशेब होताच. परंतु साचे किती आणि ते कोणी कसे चालवावेत, याचा निर्णय साचेवाल्याला न विचारता वरून उतरत होता, हेही तितकेच खरे.

पाव शतकानंतर अहमदाबादेत या प्रश्नाची निराळी उकल झाली. तेथील कॅलिको मिलच्या एका शेडात स्वयंचलित साचे आले होते. तज्ज्ञांनी घड्याळ लावून कामाची वाटणी केली होती. आणि तरीही उत्पादन अपेक्षेइतके निघेना, कापडातील दोष हटेनात. २२४ साचे, २९ माणसे आणि कामे मात्र बारा प्रकारची. विणकराकडे २४ ते ३२ साचे, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, साच्यांची देखभाल करणाऱ्या जॉबरकडे ११२. परिणामी एका विणकराचे काम ज्यांच्यावर अवलंबून, ती माणसे त्याच वेळी इतर विणकरांच्याही दिमतीला बांधलेली, आणि धागा तुटला तर दोष कोणाचा याचा निवाडा कधी लागावयाचा नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ साली ठरावीक साच्यांच्या समूहाला कामगारांचा एकेक गट जोडून द्यावा अशी कल्पना मांडली, तेव्हा ती कामगारांनी तत्काळ उचलली आणि आपापले गट आपणच बनविले. पुढे कार्यक्षमता शेकडा ८० वरून ९५ पर्यंत चढली आणि सदोष कापडाचे प्रमाण शेकडा ३२ वरून २० वर आले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच. एकमेकांचे काम शिकण्याला मात्र आता प्रयोजन लाभले होते.

अर्थात अखत्यार दिला की कोणताही भार सुसह्य होतो, असा निर्वाळा पुढील संशोधनाने सरसकट दिलेला नाही. २००० सालच्या सुमारास काही अमेरिकन संशोधकांनी भारातही भेद केला: कठीण कामगिरी, मोठी जबाबदारी यांनी थकवा आला तरी उमेद वाढते, उलट परस्परविरोधी हुकूम आणि दप्तरदिरंगाई यांनी थकवा येतो आणि उमेदही जाते. एकाच अहवालाच्या तीन प्रती तीन नमुन्यांत भरणाऱ्या शिक्षकाला हे संशोधकांनी सांगावयास नको होते.

अहमदाबादचा प्रयोगही सर्वत्र तगला नाही. १९७० साली त्याच टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक मिलर यांनी तेथे फिरून पाहिले, तेव्हा एका शेडात गटांची व्यवस्था बव्हंशी शाबूत होती. इतरत्र ती जुन्या वळणावर गेली होती, कारण गटांची हद्द राखण्याचे वरिष्ठांचे काम तेथे हळूहळू सुटत गेले होते.