मॉर्गनटनचे वकीलसाहेब

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी मॉर्गनटन हे लहानसे गाव आहे. सॅम एर्विन यांचा जन्म २७ सप्टेंबर १८९६ रोजी तिथे झाला. वडील गावातच वकिली करत. १९१७ मध्ये एर्विन पदवीधर झाले आणि पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला गेले. मे १९१८ मध्ये कांतिन्यीच्या लढाईत ते जखमी झाले. १८ जुलैला सोआसाँजवळ एका मशीनगनने त्यांची पलटण रोखून धरली, तेव्हा मूठभर साथीदारांना घेऊन ते तिच्यावर चालून गेले. साथीदार मारले गेले किंवा जायबंदी झाले, तरी एर्विन एकटे पुढे सरकले आणि रक्तस्रावाने गळून जाईपर्यंत गोळ्या झाडत राहिले. त्या वेळी ते साधे शिपाई होते. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे पदक मिळाले.

१९१९ मध्ये वकिलीची सनद मिळाल्यावर ते हार्वर्डला शिकले, तेही उलट्या क्रमाने: आधी तिसरे वर्ष, मग दुसरे, शेवटी पहिले. त्यांची प्रेयसी मार्गारेट बेल किती काळ वाट पाहील याचा भरवसा नसल्याने ते एकेका वर्षापुरतेच नाव घालत होते. १९२४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

राज्याच्या विधिमंडळात ते तरुणपणीच निवडून गेले. १९२५ मध्ये शाळांतून उत्क्रांतिवाद शिकवू नये असा ठराव तिथे आला. या ठरावाने भले होईलच तर माकडांचे, कारण मानवजातीच्या जबाबदारीतून त्यांची सुटका होईल, असे एर्विन म्हणाले. ठराव फेटाळला गेला. पुढे ते न्यायाधीश झाले, भावाच्या निधनानंतर सुमारे वर्षभर काँग्रेसमध्ये बसले, १९४८ पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर होते आणि जून १९५४ मध्ये सिनेटर झाले.

सिनेटमध्ये ते नवखे असतानाच जोसेफ मॅकार्थी यांचे प्रकरण पुढे आले. कम्युनिस्ट असल्याचा आळ घेऊन माणसांना बदनाम करणाऱ्या या सिनेटरच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीत एर्विन होते. नोव्हेंबरमधील चर्चेत त्यांनी आपल्या परगण्यातली एक गोष्ट सांगितली. डोंगरातल्या एका वस्तीवर धर्मसभा भरली होती. देवाने आपल्यासाठी काय केले ते एकेक जण उठून सांगत होता. संधिवाताने वाकडेतिकडे झालेले एफ्राइमकाका तेवढे गप्प होते. प्रवचनकाराने त्यांनाच विचारले. काका कसेबसे उठले आणि म्हणाले, “बाबा, त्यानं माझं पार वाटोळं करून ठेवलंय.” मॅकार्थींनी सिनेटचे नेमके हेच केले आहे, असे एर्विननी जोडून दिले. लांबलचक भाषणांना जमले नसते ते या गोष्टीने साधले. २ डिसेंबर १९५४ रोजी मॅकार्थींवर ६७ विरुद्ध २२ मतांनी निषेधाचा ठराव मंजूर झाला.

या माणसाच्या कारकिर्दीवरचा मोठा डाग झाकता येत नाही. वर्णभेदी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या निकालाविरुद्धच्या १९५६ च्या दक्षिणी जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही त्यांनी कडाडून विरोध केला. राज्यघटनेचा गाढा अभ्यास असलेला वकील कृष्णवर्णीयांच्या हक्कांपुढे त्याच घटनेचा आधार घेऊन आडवा उभा राहिला. दुसरीकडे, गरीब आरोपीला पैशाअभावी तुरुंगात सडावे लागू नये म्हणून १९६६ चा जामीन सुधारणा कायदा त्यांनीच पुढे रेटला. सामान्य नागरिकांवर लष्कर पाळत ठेवत असल्याचे उघड झाले, तेव्हा १९७१ मध्ये त्यांनी त्याची जाहीर सुनावणी घेतली.

वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि ती दडपण्याच्या प्रकरणात त्यांचा मोठा कस लागला. ७ फेब्रुवारी १९७३ रोजी सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी चौकशी समिती नेमली आणि सात सदस्यांच्या या समितीचे अध्यक्षपद एर्विनकडे आले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी विशेषाधिकाराची ढाल पुढे करून आपल्या सहाय्यकांना साक्षीला पाठवायचे नाकारले. न येणाऱ्याला अटक करून आणवू, अशी तंबी एर्विननी दिली आणि निक्सन नमले. १७ मे रोजी सुनावणी सुरू झाली व टीव्हीवरून घरोघर दिसू लागली. थरथरत्या जाड भुवया, बोलताना हलणारे गाल, मधूनच बायबल किंवा शेक्सपिअर: हा वृद्ध अध्यक्ष देशाच्या ओळखीचा झाला. निक्सन यांचे सहाय्यक राहिलेले एर्लिकमन यांच्या साक्षीत एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यातील घरफोडीचा विषय निघाला. राष्ट्रीय सुरक्षेसाठी राष्ट्राध्यक्षांना तसा अधिकार आहे, असा दावा होता. एर्विन कायद्याचे कलम वाचून अर्थ सांगू लागले. हा अर्थ कशावरून, असे समोरून विचारले गेले. आपल्याला इंग्रजी कळते, ती आपली मातृभाषा आहे, एवढेच त्यांचे उत्तर होते. परगण्याच्या कोर्टात मुरलेल्या वकिलाचाच हा जबाब: कलमात लिहिले आहे तेवढेच खरे, साक्षीदार कितीही बडा असो.

१६ जुलैला निक्सन यांचे आणखी एक माजी सहाय्यक बटरफील्ड यांच्या साक्षीतून व्हाइट हाऊसमधील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असल्याचे बाहेर आले. समितीने टेप मागितल्या, निक्सननी त्या दिल्या नाहीत आणि न्यायालयात समितीला यश आले नाही. तरी त्या टेपच पुढे निक्सनना भोवल्या. ९ ऑगस्ट १९७४ रोजी ते पायउतार झाले.

एर्विननी पुन्हा निवडणूक लढवली नाही. खासगी माहितीच्या संरक्षणाचा १९७४ चा कायदा त्यांच्या पुढाकाराने मंजूर झाला आणि वर्षअखेर ते निवृत्त झाले. मॉर्गनटनला परतून त्यांनी पुन्हा वकिली केली, वॉटरगेटवर आणि आपल्या वकिली किश्श्यांवर पुस्तके लिहिली. २३ एप्रिल १९८५ रोजी, ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या घरचा ग्रंथसंग्रह गावातल्याच कॉलेजमध्ये जतन केलेला आहे.