शेवटच्या सायकलमागचा माणूस

पुण्यात सायकल क्लब म्हटला की त्याला पाटी, कचेरी, अध्यक्ष-सचिव असतीलच असं नाही. बरेचदा तो एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. शनिवारी संध्याकाळी त्यावर दोन ओळी पडतात: उद्या पहाटे साडेपाच, बोपदेव घाट, नाश्ता सासवडला, हेल्मेट नसेल तर येऊ नये. खाली भराभर अंगठे उमटतात. पहाटे मात्र अंगठ्यांपेक्षा माणसं कमीच असतात, हे जुनी मंडळी धरूनच चालतात.

येणाऱ्यांत कार्बन फ्रेमवाला आयटीतला मॅनेजर असतो, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, दवाखान्याच्या वेळेआधी घरी पोचायचं असलेल्या डॉक्टरताई असतात आणि भावाची जुनी माउंटन बाईक (एमटीबी) घेऊन आलेला कॉलेजातला पोरगाही असतो. त्यांची वयं, फुप्फुसं आणि सायकली यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो. तरी सगळ्यांना बरोबर न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं, ही क्लबची जबाबदारी. रविवारच्या राईडचे सगळे नियम त्यातूनच आले आहेत.

सपाटीवर या कामात विज्ञानाची मदत होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास पोचलं की पायांतला बराचसा जोर नुसती हवा कापण्यात जातो. पुढच्या सायकलच्या मागे, तिच्या आडोशाला राहिलं की या मेहनतीचा चांगला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. पावसाळ्यात सोलापूर रस्त्याला याची किंमत कळते. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो आणि यवतपर्यंत प्रत्येकाला आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं. परतताना तोच वारा छातीवर येतो. मग ताकदीची माणसं पाळीपाळीने पुढे लागतात आणि बाकीचे त्यांच्या मागे गुपचूप ओळ धरतात.

या आडोशाची जोखीमही आहे. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे त्याचे डोळे पुढच्यालाच व्हावं लागतं. खड्डा आला की हात खाली करून बोट दाखवायचं, ओरडायचंही. ‘खड्डा!’, ‘गाडी मागून!’, ‘कुत्रा डावीकडे!’ अशा हाका पुढून मागे आणि मागून पुढे जात राहतात. अचानक ब्रेक दाबायचा नाही. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर येऊ द्यायचं नाही, कारण तो जरा बाजूला सरला आणि चाकाला चाक लागलं की बहुधा मागचाच आडवा होतो. नवख्याला हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. बरेच क्लब ते चहाच्या वेळी सांगतात, तोवर निम्मी राईड झालेली असते.

घाटात ड्राफ्टिंगचा फारसा उपयोग नाही. वेगच इतका उतरतो की लढाई हवेशी न राहता स्वतःच्या वजनाशी होते. बोपदेवला येवलेवाडी मागे पडून चढ लागला की ओळ विस्कटते. तयारीची मंडळी पुढच्या वळणाआड जातात, काकांचा श्वास ऐकू येऊ लागतो आणि कॉलेजातला पोरगा, जो सपाटीवर सर्वांत पुढे होता, तो गिअर संपल्यावर सायकल हातात धरून चालू लागतो.

इथे ‘स्वीप’चं काम सुरू होतं. क्लबात राईड लीडर पुढे असतो, त्याला रस्ता ठाऊक असतो आणि फोटोत तो दिसतो. स्वीप सर्वांत मागे असतो. त्याच्या मागे कुणी सायकलवाला राहता कामा नये, एवढीच त्याच्या कामाची व्याख्या. ते वाटतं तितकं सोपं नाही. चढावर आपल्या चालीपेक्षा हळू जाणं हा पायांना जाच असतो. धापा टाकणाऱ्याशी गप्पा मारायच्या नसतात, आणि ‘आलंच हं’ अशी थापही मारायची नसते. किती वळणं उरली ते खरं सांगितलं की माणूस आपला दम पुरवून वापरतो.

स्वीपच्या पिशवीत ट्यूब, टायर लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच आणि चेनची जादा कडी असते. पंक्चर मागच्या चाकाला असेल तर आधी चेन सर्वांत लहान दात्यावर आणायची, मग चाक काढायचं. लिव्हरने टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढायची. नवी ट्यूब घालण्याची घाई मात्र करायची नाही. टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून घ्यायची, कारण हायवेवर फुटलेल्या ट्रकटायरमधली केसाएवढी पोलादी तार तिथेच रुतून बसलेली असते. ती निघाली नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. सापडली की ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करायची, म्हणजे पिळा पडत नाही. हे चालू असताना बाकीचे लोक सूचना देतात. अनुभवी स्वीप त्या ऐकत नाही.

एकत्र जायचं आणि एकत्र पोचायचं, ही रीत आपल्याकडे निघालेली नाही. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचं अंतर एका दिवसाच्या उजेडात कापलं. त्यातून ‘ऑडॅक्स’ हा प्रकार निघाला. १९०४ मध्ये तो फ्रान्समध्ये रुजला. जुन्या पद्धतीच्या ऑडॅक्समध्ये आजही सगळा जथा कॅप्टनच्या मागे ताशी २२.५ किलोमीटरच्या ठरीव चालीने जातो. १९२१ मध्ये वाट फुटली आणि ज्याने त्याने आपापल्या वेगाने जाण्याचा प्रकार वेगळा झाला. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरला होणारी ‘बीआरएम’ ही लांब पल्ल्याची राईड त्या दुसऱ्या शाखेतली. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ६०० साठी ४० तास मिळतात, कार्डावर ठिकठिकाणी नोंद होते आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कुणालाच मिळत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यात प्रत्येक जण आपल्या भरवशावर असतो. रविवारची राईड त्याच्या आधीच्या, जुन्या घराण्याची आहे.

नाशिकने या दोन्ही टोकांना नाव कमावलं. २०१५ मध्ये हितेंद्र आणि महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार जाणारी शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्याच नाशिकचे सायकलवाले आषाढीच्या सुमारास पंढरपूरची सायकल वारीही करतात. पहिल्या गोष्टीची बातमी मोठी होते, आणि व्हायलाच हवी. पण क्लब टिकतो तो दुसरीवर. वारीत मागे पडलेल्याला टाकून कुणी पुढे जात नाही.

उलट स्ट्राव्हा ॲपवरच्या आकड्यांवर चालणारे क्लब मी पाहिले आहेत. तिथे स्वीप नावापुरता नेमलेला असतो आणि तोच पहिल्या चढाला पुढे निघून जातो. घाटमाथ्यावर सेल्फी झाले की मंडळी उतरून मिसळ मागवतात, मागचा माणूस पोचेतो बिल आलेलं असतं. असा माणूस पुढच्या रविवारी येत नाही. २०२० नंतर सायकलींचा बाजार जोरात होता आणि क्लब फुगले होते. त्यातल्या किती सायकली आज गॅलरीत धूळ खात आहेत, ते सोसायटीत नजर टाकली तरी कळतं. यात आळसाचा भाग आहेच, पण मागे टाकलं गेल्याचाही आहे.

  

तुम्हाला अशा राईडमध्ये उतरायचं असेल तर पहिली राईड तीस-चाळीस किलोमीटरची, सपाटीची निवडा. ग्रुपवर आदल्या रात्रीच सांगा की आपण नवे आहोत. उद्या शेवटी कोण असणार, हेही विचारा, आणि नाव सांगता आलं नाही तर दुसरा क्लब शोधा. हेल्मेट घ्या, मागचा लाल दिवा लावा आणि आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब स्वतः बाळगा. स्वीपकडे बहुधा रोड बाईकची असते, ती तुमच्या एमटीबीला बसणार नाही.