मोकळ्या जागेचे पैसे

यल्लम्मा यात्रेच्या आधी पंधरा दिवस एक मित्र वहीचा फाडलेला कागद घेऊन आला. सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कागदावर यादी होती : वर गणपती, यल्लम्मा, वडिलांचा फोटो, स्वतःचा फोटो, दुकानाचं नाव, ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या’पासून सुरू होणाऱ्या अकरा ओळी, दोन मोबाईल नंबर, ‘एकवेळ अवश्य भेट द्या’ आणि खाली ‘आपले विनम्र’ म्हणून चार नावं. हे सगळं आठ बाय दहा सेंटिमीटरमध्ये, वर्तमानपत्राच्या तालुका पानावर.

“अक्षर थोडं बारीक कर, बसतंय की,” म्हणाला.

मी एक ओळ ठळक, तिच्याखाली नाव, ठिकाण आणि नंबर एवढंच ठेवलं. भोवती कोरा कागद. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. “एवढी जागा मोकळी कशाला? पैसे भरलेत की तिचे!”

त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. चौकटीतली जाहिरात जागेवर मोजतात. आठ गुणिले दहा म्हणजे ऐंशी चौरस सेंटिमीटर, गुणिले दर, वर पाच टक्के जीएसटी. रंग हवा तर दर वाढतो, पहिलं पान हवं तर आणखी. पण त्या पानावर आजूबाजूला निधनवार्ता, वाढदिवस, बेदाण्याचे सौदे असा काळा गजबजाट असतो. त्यात डोळा थांबतो तो पांढऱ्यावर. मोकळी जागा ही त्या ऐंशी सेंटिमीटरमधली सर्वांत कामाची जागा. आणि खिशात एवढेच पैसे असतील तर ऐंशीची जाहिरात एकदा देण्यापेक्षा चाळीसची दोनदा द्यावी, असं माझं मत आहे. मोटार जळण्याचा दिवस कुणाला आधी ठाऊक नसतो.

लिहायचं काय, हे शिकायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही. आमच्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली तेव्हाच्या औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा केला. माल होता लोखंडी नांगर, आणि गिऱ्हाईक होतं लोखंडानं जमीन नासते असं मानणारा शेतकरी. अशा माणसाला ‘उत्कृष्ट दर्जा’ सांगून काय उपयोग? त्याची शंका आधी फिटायला हवी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे ‘शंवाकि’, हाडाचे चित्रकार. जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं आणि 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघालेलं ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. घरोघरी जपून ठेवलं जाणारं मासिक जाहिरातीच्या पोटी जन्मलं, हे विसरायला होतं.

मित्राच्या गिऱ्हाइकाची शंका काय? दर नव्हे. बोअरची मोटार जळाली की डाळिंबाची बाग वाळायला लागते, आणि दुकानदार ‘बघू, परवा या’ म्हणतो. मी विचारलं, तू किती वेळात देतोस? “आज सकाळी आणली तर उद्या सांजेला.” मग तीच ओळ झाली : ‘मोटार जळाली? आज सकाळी आणा, उद्या संध्याकाळी न्या.’ ‘सर्व प्रकारच्या’ अकरा ओळी गेल्या. वडिलांचा फोटो दुकानात आहेच.

चित्राला पैसे नसले तर अक्षरालाच चित्र करावं. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा : इवलीशी काळी-पांढरी चौकट, आणि त्यात कमल शेडगे यांनी काढलेलं नाटकाचं नाव. ते अक्षरच नाटकाचा चेहरा होई. आपल्याला शेडग्यांसारखा हात परवडत नाही, तर निदान कॉम्प्युटरवर अक्षर ताणू तरी नये. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये चौकट भरण्यासाठी शब्द आडवा ओढला की उभ्या काना-दांड्या जाड होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच बारीक राहते, आणि शब्द आजारी दिसतो. देवनागरीला वर वेलांट्या-रफार, खाली उकार. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं तर नकोच. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ती पसरते आणि बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. आणि फाईल देताना अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे आकृत्यांत, बदलून द्यावीत, नाहीतर तिकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात.

उरलेल्या पैशात यात्रेसाठी हँडबिलं. मार्गशीर्षातल्या या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, त्यामुळे शेतकरी आपणहून गावात येतो. पिवळा कागद, काळी शाई, एकच रंग. यापेक्षा स्वस्त रंगीत छपाई नाही. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कानडी बोलतात, जिल्हा परिषदेच्या कानडी शाळाही आहेत. म्हणून मागच्या बाजूला तोच मजकूर कानडीत. खर्च वाढला तो एका प्लेटचा आणि कागद दुसऱ्यांदा मशीनवर चढवण्याचा.

आता माझी चूक. प्रूफ मी तीनदा वाचलं, मित्रानं दोनदा, कानडी बाजू एका मास्तरांनी. मोबाईल नंबरातला एक आकडा मागच्या बाजूला चुकला होता. आपलाच नंबर कोण वाचतो? दोन हजार हँडबिलं छापून आल्यावर यात्रेच्या आदल्या रात्री आम्ही चौघं पेन घेऊन सहाचे आठ करत बसलो. चहा मित्रानं पाजला, पण बोलला नाही.

तेव्हापासून प्रूफ आलं की मी ते वाचण्याआधी त्यावरचा नंबर फोनवर दाबतो आणि दुकानात घंटी वाजते का ते ऐकतो.

दिवाळी अंकांचंही पोट जाहिरातींवरच चालतं, हा अंकही त्याला अपवाद नाही, तरीही सांगतो. मालकाचा फोटो, तीन पणत्या आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढंच असलेल्या पानभर जाहिरातीतून माणूस काय विकतो ते कळत नाही. पुढच्या वर्षी शुभेच्छा द्याच, पण खाली एका ओळीत आपला धंदा लिहा.